साप नव्हे हो, ताप!

आपल्या समाजाची एक गंमत आहे. डोळ्यांनी अधू असलेला माणूस रस्ता ओलांडताना दिसला, की चार हात पुढे होतात. कानांनी अधू असलेला माणूस दिसला, की चार जण गालातल्या गालात हसतात. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो आणि कानात यंत्र घातले की म्हातारा. लग्नघरात एखादे बहिरे आजोबा असले, की तरुण मंडळींची दोन दिवसांची करमणूक होऊन जाते. मी या हसण्याच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली तीसेक वर्षे दवाखान्यात बसून मी जे काही पोटभर हसलो, त्यातले निम्मे तरी कानांच्या कृपेने. मात्र या हसण्याच्या दोन जाती आहेत आणि त्यांतली एक जात माणसाला स्वतःच्याच घरात पाहुणा करून ठेवते. तिच्याविषयी लिहायचे आहे. पण आधी थोडे हसून घेऊ.

लहानपणी ऐकलेली एक गोष्ट वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. एका बहिऱ्याचा शेजारी आजारी पडला. समाचाराला जायला तर हवे, पण बोलणे ऐकू कसे येणार? म्हणून त्याने घरूनच सगळे संभाषण बसवून नेले. मी विचारीन, 'कसे आहात?' तो म्हणेल, 'बरा आहे.' मी म्हणेन, 'देवाची कृपा!' मी विचारीन, 'काय खाता?' तो म्हणेल, 'भाताची पेज.' मी म्हणेन, 'उत्तम, तेच चालू ठेवा.' मग विचारीन, 'औषध कोणाचे?' तो कोणा वैद्याचे नाव सांगेल. मी म्हणेन, 'त्याच्या हाताला गुण आहे, तो आला की काम झालेच समजा.' प्रत्यक्षात आजारी माणूस कण्हत म्हणाला, 'मरतोय.' पाहुणा म्हणाला, 'देवाची कृपा!' तो चिडून म्हणाला, 'विष खातोय.' 'उत्तम, तेच चालू ठेवा.' 'यमाचे औषध चालू आहे!' 'त्याच्या हाताला गुण आहे...' पुढचे सांगायला नको. ही गोष्ट फार जुनी आहे. तेराव्या शतकात रूमी या फारसी कवीने आपल्या 'मसनवी'त ती सांगितलेली आहे. म्हणजे सातशेहून अधिक वर्षे माणसे या बहिऱ्याला हसत आहेत.

डॉक्टर म्हणून मला या गोष्टीत दुसरेच काही दिसते. हा बहिरा मूर्ख मुळीच नाही. ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याने अंदाज बांधला, आणि शंभरातून नव्वद वेळा तो अंदाज बरोबर आला असता. कान अधू झालेला प्रत्येक माणूस दिवसभर हेच करीत असतो. माझ्या दवाखान्यात येणारे वयस्कर पेशंट माझे नेहमीचे प्रश्न क्रमाने ओळखून असतात. झोप लागते का, भूक लागते का, लघवीला किती वेळा, पोट साफ होते का. उत्तरे कशी धडाधड येतात! म्हणून मला शंका आली, की मी मध्येच क्रम मोडतो. एका आजोबांना झोपेचे आणि भुकेचे विचारून झाल्यावर मी त्याच सुरात विचारले, "नातू कितवीत आहे?" आजोबा गंभीरपणे म्हणाले, "दोनदा. पहाटे एकदा आणि रात्री एकदा." सोबत आलेला नातूच आधी हसला. मी त्यांना कानांच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या एका आजींना मी सांगितले, "ही गोळी दुपारी एकच." त्या म्हणाल्या, "एका पोळीनं काय हुतंय डाक्टर? दीड तरी खाऊ द्या." आणि एका गृहस्थांना पोट साफ होते का, असे विचारले, तर ते खिशात हात घालून म्हणाले, "नोट साफच आहे हो, कालच बँकेतून काढलीय."

आता हे असे का होते, ते समजून घेऊ. कानाच्या आत खोलवर गोगलगायीच्या शंखासारखी, साधारण अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी ओळीने बसविलेल्या असतात. एका कानात पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. त्यांची वाटणी बाजाच्या पेटीसारखी असते. शंखाच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज ऐकणाऱ्या पेशी आणि आत टोकाशी खर्ज ऐकणाऱ्या. वय वाढते तशा तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात. म्हणजे पेटीच्या उजव्या हाताकडच्या पट्ट्या मुक्या होत जातात आणि डावीकडच्या मात्र चांगल्या वाजत राहतात.

भाषेची रचनाही अशीच आहे. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत. स, श, त, थ, क, फ ही व्यंजने बारीक, फुसफुसती. त्यांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत. आवाजाचा जोर स्वरांत असतो आणि शब्दाचा अर्थ व्यंजनांत. त्यामुळे घरातून 'साखर संपली' अशी हाक आली, की आजोबांच्या कानात स्वर तेवढे पोचतात. व्यंजने वाटेतच गळतात. उरलेली जागा मेंदू आपल्या मनाने भरतो आणि आजोबा म्हणतात, "भाकर? आत्ताच तर जेवलो." चहाचे दहा होतात, पाण्याची गाणी होतात. 'मला ऐकायला येतं, लोकच हल्ली पुटपुटतात,' ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार घरच्यांना हट्टीपणाची वाटते. पण त्यांच्या अनुभवाप्रमाणे ती अगदी खरी असते. आवाज येतो, शब्द येत नाही.

यातूनच संसारातला एक जुना वाद निघतो. 'ह्यांना सगळ्या जगाचं ऐकू येतं, फक्त माझंच येत नाही.' बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज पुरुषांच्या आवाजापेक्षा उंच पट्टीतले असतात आणि वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात तेच आधी हरवतात. तेवढ्यापुरता नवरेमंडळींना शास्त्राचा आधार आहे. पुढचा आधार त्यांनी स्वतः शोधावा. आमच्या घरीही सौ. नळ सोडून, कुकर लावून, पाठमोरी उभी राहून मला काहीतरी सांगते आणि 'ऐकलंत ना?' असे विचारते. पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही कानाला ते ऐकू येणार नाही, असे माझे प्रामाणिक वैद्यकीय मत आहे. ते तिला अद्याप मान्य नाही.

आणखी एक प्रकार घरोघरी भांडणे लावतो. आजोबा म्हणतात, "जरा मोठ्यानं बोल." मुलगा मोठ्याने बोलतो, तर लगेच, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" मुलाला वाटते, म्हातारा नाटके करतो. पण दोन्ही वाक्ये खरी असतात. केसांच्या पेशी कमी झाल्या, की बारीक आवाज मुळीच पोचत नाही आणि थोडा मोठा झाला, की एकदम कानठळ्या बसवतो. मधली जागाच आक्रसून जाते. म्हणून ओरडण्याचा उपयोग नाही. ओरडल्याने स्वर आणखी फुगतात, व्यंजने होती तिथेच राहतात, आणि बोलणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच. ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही, पण राग बरोबर कळतो.

कोरोनाच्या दिवसांत, २०२० आणि २१ साली, माझ्याकडे अशी बरीच माणसे आली, की 'डाक्टर, मास्क आल्यापासून कान गेले.' कान आधीच गेलेले होते. ते इतकी वर्षे समोरच्याच्या ओठांवरून निम्मे ऐकत होते, हे त्यांचे त्यांनाही माहीत नव्हते. मास्कने ओठ झाकले आणि वरच्या पट्टीचा आवाजही अडवला. तेव्हा पितळ उघडे पडले.

आता शीर्षकातल्या सापाची हकीकत. आमच्या गावाजवळच्या वाडीतले एक आबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे. उमेदीची सगळी वर्षे इचलकरंजीत यंत्रमागांवर काढलेली, त्यामुळे कान वयाच्या आधीच गेलेले. (खडखडाटात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कामगारांचे कान असेच जातात, आणि ते परत येत नाहीत.) रात्री अकराच्या सुमारास सून घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "मामा, बाळाला ताप आलाय, अंगाला हात लावून बघा." आबांनी 'साप' ऐकले. ते ताडकन उठले, काठी घेतली, 'साप, साप' असे ओरडत अंगणात आले. शेजारची दोन घरे जागी झाली. बॅटऱ्या आल्या, कोणी घोंगडी झटकली, कोणी सरपणाचा ढीग उपसला. पाऊण तास शोध चालला. तेवढ्यात कोणीतरी, 'कुटं बघितला?' असे सुनेलाच विचारले, तेव्हा खुलासा झाला. गंमत अशी, की त्या सरपणात खरोखरच एक धामण निघाली! आबा छातीठोकपणे म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन सारे माझ्याकडे आले. बाळाचा घसा सुजलेला होता, तीन दिवसांत बरे झाले. पण ही हकीकत मला सुनेने सांगितली नाही की मुलाने. स्वतः आबांनी सांगितली, हातवाऱ्यांसह, आणि आम्ही सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. आबा सर्वांत मोठ्याने. आता गावात कोणालाही ताप आला, की लोक आबांना 'काठी आणा' म्हणतात आणि आबांना ते आवडते. हे हसणे निरोगी. गोष्टीचा मालक तो स्वतः आहे. आपल्याला कमी ऐकू येते, हे तो चारचौघांत सांगून मोकळा झाला आहे, त्यामुळे लोकही त्याच्या समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलतात.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त गुरुजी. इतिहास शिकविणारे, शब्दाला शब्द जोडून बोलणारे, गावच्या वाचनालयात रोज संध्याकाळी दोन तास बसणारे. त्यांच्या मुलाने त्यांना माझ्याकडे आणले ते, 'अण्णांना विस्मरण व्हायला लागलंय' असे सांगून. सांगितलेले लक्षात राहत नाही, विचारले एक तर उत्तर देतात दुसरे, वाचनालयात जायचे बंद झाले, दिवसभर गप्प बसतात, मध्येच चिडतात. मुलगा हे सारे गुरुजींच्या देखत, त्यांच्या डोक्यावरून मला सांगत होता. गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसलो आणि एक कागद पुढे केला. त्यावर लिहिले, 'आजची तारीख, वार, आणि पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे साल?' गुरुजींनी चष्मा सारखा केला. तारीख लिहिली, वार लिहिला, मग '१७६१, १४ जानेवारी, संक्रांतीच्या सुमारास' असे लिहून खाली एक ओळ आणखी टाकली : 'मला विसर पडत नाही. मला कोणी सांगत नाही.'

विस्मरणाची सगळी तपासणी एका कागदावर होत नाही, हे खरे. ती पुढे रीतसर झाली आणि स्मृती वयाच्या मानाने उत्तम निघाली. एका कानात मळाचा दगड झाला होता, तो काढला. दोन्ही कानांचा आलेख काढून घेतला. उजव्या बाजूच्या पट्ट्या दोन्हीकडे गेलेल्या. पण मला खरा आजार कळला तो त्यांच्याशी सावकाश बोलताना. कान कमी झाल्यावर सुरुवातीला ते 'काय म्हणालास?' असे विचारीत. घरचे एकदा सांगत, दुसऱ्यांदा वैतागून सांगत आणि तिसऱ्यांदा म्हणत, 'काही नाही, राहू दे.' जेवताना सगळे हसले, की गुरुजी विचारीत, काय झाले? 'काही नाही.' नातीचे स्थळ पाहून आले, घरात तासभर चर्चा झाली, गुरुजींनी विचारले, मुलगा काय करतो? 'सांगू नंतर, राहू दे.' ते नंतर कधी आलेच नाही. शेताचा बांध मोजायला माणसे आली, तेव्हा 'अण्णांना काय ऐकू येणार' म्हणून त्यांना ओट्यावरच बसविले. सातबाऱ्यावर नाव त्यांचे! मग हळूहळू त्यांनी विचारणेच बंद केले. लोक हसले की तेही हसत, न कळता. वाचनालयात एकदा भलतेच उत्तर गेले आणि मंडळी खो खो हसली, त्या दिवसापासून तिकडचा रस्ता बंद.

'काही नाही, राहू दे' हे चार शब्द आपण सगळेच किती सहज बोलतो! बोलणाऱ्याची अर्ध्या मिनिटाची मेहनत वाचते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच ऐकू येते, की तुला सांगण्याइतके हे महत्त्वाचे नाही, किंवा तू सांगण्याइतका महत्त्वाचा नाहीस. माझे मत विचाराल, तर बहिऱ्या माणसाचे आपण जे नुकसान करतो, त्यातले सर्वांत मोठे त्याला हसून होत नाही, या चार शब्दांनी होते. निदान हसताना तो आपल्यात असतो.

ही नुसती भावनेची गोष्ट राहिलेली नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाचा समावेश केला आहे. २०२४ च्या यादीत अशी चौदा कारणे आहेत. मेंदूची सगळी शक्ती शब्द ओळखण्यातच खर्च होते आणि माणसांत मिसळणे कमी होते, अशी त्याची काही स्पष्टीकरणे दिली जातात. यंत्र वापरल्याने स्मृतिभ्रंश हमखास टळतो, असे मात्र कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. २०२३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला, तर यंत्र दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. माझ्या मते एवढेही पुष्कळ आहे. आणि नातीचे स्थळ काय करते, हे कळण्यासाठी यंत्र लागत असेल, तर त्याला अभ्यासाचा दाखला कशाला हवा?

हसण्यावारी नेऊ नये, असा एक प्रसंगही सांगायला हवा. इन्सुलिन घेणाऱ्या एका आजींना शहरातल्या एका दवाखान्यातून फोनवर सांगण्यात आले, 'रात्रीचे सहा युनिट.' आजींनी 'दहा' ऐकले. 'हो, हो,' म्हणाल्या; कारण पुन्हा विचारले तर समोरचा वैतागतो, हा अनुभव. पहाटे घामाने डबडबलेल्या, बरळत असलेल्या अवस्थेत त्यांना माझ्याकडे आणले. साखर उतरली होती. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आल्या आणि सारे निभावले. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. शिवाय जुन्या पद्धतीच्या टेलिफोन वाहिनीत साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी जातच नाहीत आणि 'स'चा बराचसा प्राण तिथेच असतो. टेलिफोनचा शोध लावणारे ग्रॅहम बेल हे बहिऱ्यांचे शिक्षक होते, त्यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते. आणि त्याच यंत्रावर आपले म्हातारे सर्वांत जास्त फसतात! तेव्हा औषधाचा आकडा फोनवरून कधीही घेऊ नये, देऊही नये. लिहून द्यावा, मोबाइलवर मजकूर पाठवावा, आणि 'कळलं ना?' असे न विचारता 'किती घेणार, सांगा बघू' असे विचारावे. 'कळलं ना?' या प्रश्नाला बहिरा माणूस 'नाही' असे कधीच म्हणत नाही.

यंत्राविषयी लोकांच्या मनात फार अढी आहे. माझ्या माहितीतल्या निम्म्या यंत्रांचा मुक्काम कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी असतो. मुलाने हौसेने आणले, आजोबांनी दोन दिवस घातले, 'नुसता गोंगाट होतो' म्हणून काढून ठेवले. गोंगाट होणारच. जो मेंदू दहा वर्षे शांततेत राहिला, त्याला एकदम पंखा, नळ, वर्तमानपत्राची सळसळ, फोडणीचा तडतडाट असे सगळे ऐकू येऊ लागते. त्याची सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आधी घरात थोडा वेळ, एका माणसाशी बोलताना. मग वाढवत न्यावे. आणि यंत्र कानाच्या आलेखाप्रमाणे जुळवून घेतलेले असावे. बाजारात किंवा टपालाने मिळणारे स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करते. ज्याला खर्ज नीट ऐकू येतो, त्याच्या कानावर तो आणखी आदळतो. एका आजींनी यंत्र लावल्यावर तिसऱ्या दिवशी मला विचारले, "डाक्टर, हे किणकिण काय वाजतंय सारखं?" मी त्यांचा हात धरून हलविला. त्यांच्याच हातातल्या बांगड्या होत्या. किती वर्षांनी ऐकल्या, ते त्यांनाही सांगता आले नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासूनची. तिच्यातून गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधने मोफत देण्याची तरतूद आहे. २०२४ साली राज्य सरकारने जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच तीन हजार रुपये देण्याचे ठरले. तीन हजारांत चांगले यंत्र येत नाही, हे मंत्रालयात कोणाला तरी सांगायला हवे; बहुधा तिकडेही ऐकण्याची अडचण आहे. नियम बदलत असतात, तेव्हा सध्याची परिस्थिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावी आणि कान तपासायला जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जावे.

दोन-चार गोष्टी मात्र थांबण्यासारख्या नाहीत. वयाचा बहिरेपणा दोन्ही कानांत आणि सावकाश येतो. एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, कान वाहत असेल, चक्कर येत असेल, तर त्याला वयाचे नाव देऊन घरी बसू नये. एकाएकी, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत कान बंद झाला, तर ती तातडीची बाब समजावी. मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. त्यावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच सुरू झाली तर उपयोगाची, पंधरवड्यानंतर फारशी नाहीत. काडी, हेअरपिन, किल्ली आणि बाजारात फिरणारा कानमळ काढणारा, यांना कानापासून दूर ठेवावे.

बोलायचे कसे, याचे शिक्षण फुकट आहे. आधी नावाने हाक मारावी, तोंड समोर, उजेड आपल्या चेहऱ्यावर, टीव्ही बंद. सावकाश बोलावे, पण तुटक नको. एक शब्द कळला नाही, तर तोच पाच वेळा फेकण्यापेक्षा बदलावा. 'ताप' कळत नसेल, तर 'अंग गरम' म्हणावे. सरपण उपसावे लागत नाही. आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांनीही लाजू नये. 'मला या कानानं कमी येतं, इकडून बोला,' असे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे. आबांचे बघा, आबांचे काय बिघडले?

गुरुजींनी यंत्र घेतले, त्याला आता वर्ष झाले. वाचनालयात पुन्हा जातात. मुलगाही शिकला, जेवताना आता तो त्यांच्या समोर बसतो. गेल्या गणपतीच्या मिरवणुकीत त्यांच्या घरावरून डीजे चालला होता. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, सगळे घर कानांत बोटे घालून बसलेले, मीही त्यांच्यात. गुरुजी आरामखुर्चीत निवांत पेपर वाचत होते. मी खुणेनेच विचारले, कसे काय? त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रे काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलेली दाखविली. मी ओरडून काहीतरी म्हणालो, ते मलाही ऐकू आले नाही. गुरुजी पेपरातून वर पाहून, मिशीत हसत, ओठ स्पष्ट हलवीत म्हणाले, "काही नाही, राहू द्या."